न्यूअर्क विमानतळाच्या रडारवरून आपल्या गल्लीतला पाऊस कसा ओळखायचा: नवख्यांसाठी

न्यूजर्सीतल्या एडिसन, आयसेलिन, वुडब्रिज, पिस्कॅटवे या पट्ट्यात नवीन राहायला आलेल्यांना उन्हाळ्यात एक गोष्ट लगेच कळते. फोनवरचं वेदर अ‍ॅप सांगतं दुपारी ४० टक्के पाऊस, आणि होतं काय तर ओक ट्री रोडवर धो धो सर येते आणि चार मैलांवर रस्ता कोरडा. अ‍ॅप खोटं बोलत नसतं, ते मोठ्या भागाचं बोलत असतं. आपल्याला हवं असतं ते म्हणजे माझ्या घरावर, माझ्या मुलाच्या मॅचच्या ग्राउंडवर, पुढच्या एका तासात काय होणार.

मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३. मी तेव्हा मुंबईत होतो, आणि १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाचा उरलेला पाऊस आला तेव्हा इथे न्यूजर्सीत. त्या रात्री न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एका तासात ३.१५ इंच म्हणजे ८० मिलिमीटर पडला, आमच्या ओळखीच्या दोन घरांच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं. त्यानंतर मी ठरवलं की रडार नीट वाचायला शिकायचं, आणि शिकताना पहिली दोन वर्षं जो गोंधळ झाला तो तुमचा होऊ नये म्हणून हे सगळं लिहितोय.

हे विमानतळाचं रडार म्हणजे नक्की काय

२ ऑगस्ट १९८५ ला डॅलस-फोर्ट वर्थला उतरताना डेल्टाचं १९१ नंबरचं विमान वादळी ढगातून खाली आदळणाऱ्या वाऱ्याच्या लोटात सापडलं आणि १३७ माणसं गेली. अशा लोटाला मायक्रोबर्स्ट म्हणतात, तो दोनचार किलोमीटरचाच असतो आणि काही मिनिटांत संपतो, त्यामुळे लांबच्या मोठ्या रडारला तो दिसेलच असं नाही. म्हणून एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने, मोठ्या विमानतळांजवळ खास रडार बसवले, टर्मिनल डॉप्लर वेदर रडार, सगळे टीडीडब्ल्यूआर म्हणतात. देशभरात असे ४५ आहेत. न्यूअर्कचं रडार विमानतळावर नाहीये, ते वुडब्रिजच्या परिसरात आहे, धावपट्टीपासून १३-१४ किलोमीटर लांब, कारण रडारला धावपट्टी डोक्यावर नको असते, जरा लांबून समोर हवी असते. म्हणजे विमानांसाठी बसवलेला हा डोळा नेमका आपल्या वस्तीत आहे! आणि त्याचा डेटा नॅशनल वेदर सर्व्हिसला, म्हणजे इथल्या सरकारी हवामान खात्याला जातो आणि आपल्यालाही फुकट बघता येतो. हे बहुतेकांना माहीतच नसतं.

काय काय लागेल

- फोन किंवा लॅपटॉप. फोनवर मी रडारस्कोप वापरतो, ते विकत घ्यावं लागतं. फुकटात हवं असेल तर वेदर सर्व्हिसची रडारची साइट आहेच, आणि कॉम्प्युटरवर सुपरसेल डब्ल्यूएक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे.
- रडारचे कोड: न्यूअर्कचं टीईडब्ल्यूआर, जेएफकेचं टीजेएफके (हे ब्रुकलिनमध्ये फ्लॉइड बेनेट फील्डवर आहे), फिलाडेल्फियाचं टीपीएचएल. आणि वेदर सर्व्हिसचे मोठे रडार: माउंट हॉलीचं केडीआयएक्स, लाँग आयलंडवर अपटनचं केओकेएक्स.
- पावसाचं माप, चार इंच व्यासाचं, कोकोराझवाले (घरोघरी पाऊस मोजणाऱ्या हौशी लोकांचं जाळं) सांगतात ते.
- एक वही. खरंच वही, फोनमधली नोट नको, का ते खाली सांगतो.

शिकागो, डॅलस, ह्यूस्टन, बॉस्टन, अटलांटा, वॉशिंग्टन इथल्या मंडळींनाही त्यांच्या विमानतळाचं असंच रडार मिळेल. बे एरिया आणि सिअ‍ॅटलवाल्यांनी शोधत बसू नका, पश्चिम किनाऱ्यावर टीडीडब्ल्यूआर बसवलेलेच नाहीत.

१. आधी उंचीचं गणित समजून घ्या

हे कंटाळवाणं वाटेल पण सगळ्याचं मूळ इथेच आहे. रडारचा किरण जमिनीला समांतर जात नाही, तो थोडा वर धरलेला असतो आणि पृथ्वी खालून वळत जाते, त्यामुळे जितकं लांब जाल तितका किरण उंच. अर्ध्या अंशाचा किरण धरला तर अपटनचं रडार एडिसनपासून १३५ किलोमीटरवर आहे, त्याचा किरण आपल्या डोक्यावरून सव्वादोन किलोमीटर उंचीवरून जातो. माउंट हॉलीचं ६४ किलोमीटरवर, तिथून आलेला किरण आपल्यावर ८०० मीटरवर. आणि वुडब्रिजचं? तेच १४ किलोमीटर, म्हणजे किरण १२०-१३० मीटरवर. जवळजवळ झाडांच्या शेंड्यांवरून.

पाऊस पडतो जमिनीवर, आणि आठशे मीटरवर जे दिसतं ते खाली येईपर्यंत वाऱ्याने सरकतं, सुकतं, कधी वाढतं.

शिवाय टीडीडब्ल्यूआरचा किरण बारीक आहे, साधारण अर्ध्या अंशाचा, मोठ्या रडारचा जवळपास एका अंशाचा. त्यामुळे चित्र बारकाईने दिसतं, सरीची कड कुठल्या रस्त्यावर आहे इतपत. आणि वादळी हवा असली की हे रडार सगळ्यात खालचा फेरा मिनिटाला एकदा मारतं. एरवी हवा शांत असताना सहा-सहा मिनिटांनी.

२. अ‍ॅपमध्ये या चार सेटिंग आधी करा

वेळ. रडारच्या चित्रावर बऱ्याच ठिकाणी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ असते, शेवटी झेड लावलेला. उन्हाळ्यात त्यातून चार तास वजा करायचे, हिवाळ्यात पाच. सुरुवातीला मी एकदा तासाभरापूर्वीचं चित्र ताजं समजून बघत बसलो होतो, म्हणून आता आधी वेळ बघतो आणि मग रंग.

स्मूदिंग बंद करा. रंग गुळगुळीत दिसले की छान वाटतं पण खरी माहिती त्या चौकटी-चौकटीत असते.

सगळ्यात खालचा टिल्ट, म्हणजे किरणाचा कोन, निवडा. आणि लूप अर्ध्या तासाचा ठेवा, एकटं चित्र कधीच बघू नका.

रेंजचंही लक्षात ठेवा. वाऱ्याचा वेग या रडारवर ९० किलोमीटरपर्यंतच मिळतो. पावसाचं लांब पल्ल्याचं चित्र ४०० किलोमीटरच्या पुढे जातं, पण लांबचं बघायला हे रडार वापरूच नका, त्यासाठी मोठे रडार आहेत.

३. रंग म्हणजे पाऊस नाही

रंग म्हणजे परत आलेल्या लहरीची ताकद, डीबीझेडमध्ये. त्यावरून पाऊस काढायचा म्हणजे अंदाजच. नेहमीच्या सूत्राने ३० डीबीझेड म्हणजे तासाला दोन-अडीच मिलिमीटरची भुरभुर, ४० म्हणजे बारा, ५० म्हणजे साठच्या वर. पण ५० च्या पुढे गारा असल्या तर आकडा फुगतो, पाऊस तेवढा नसतो.

उलटा सापळा जास्त वाईट आहे. आयडासारखी समुद्रावरून आलेली दमट हवा असली की थेंब लहान पण संख्येने प्रचंड असतात, तेव्हा दमट हवेचं वेगळं सूत्र वापरतात आणि त्यात ४० डीबीझेडलाच वीसच्या वर मिलिमीटर निघतो, म्हणजे त्याच पिवळ्या रंगात जवळजवळ दुप्पट पाणी. चक्रीवादळाचा उरलेला पाऊस येतोय अशी बातमी असेल तर पिवळा रंग बघून निर्धास्त राहू नका.

४. सावलीचा सापळा, हा नीट वाचा

विमानतळाचं रडार सी-बँडचं आहे, लहर पाच सेंटिमीटरची. मोठे रडार एस-बँडचे, दहा सेंटिमीटरचे. लहान लहर जोरदार पावसातून जाताना मधेच दमते, पलीकडचं नीट दिसत नाही. म्हणजे जोरदार सरीच्या मागे रडारवर मोकळं दिसतं पण ते मोकळं नसतं, ती सावली असते.

मला हे कसं कळलं ते सांगतो. जुलैची संध्याकाळ, पार्कमध्ये आमच्या मुलांची मॅच चालू होती. पश्चिमेकडून लाल पट्टा येताना टीईडब्ल्यूआरवर दिसत होता, पाच-सहा किलोमीटर रुंद, आणि त्याच्यामागे काहीच नाही, एकदम स्वच्छ. मी बाकीच्या पालकांना सांगितलं की दहा-पंधरा मिनिटांत उघडीप मिळेल, मुलांना शेडमध्येच थांबवू, गाड्यांकडे कशाला पळवायचं. सर आली, आणि थांबलीच नाही. तासाच्या वर पाऊस, विजा अगदी जवळ, आणि अकरा मुलं चारी बाजूंनी उघड्या शेडखाली. कोणाला काही झालं नाही. घरी येऊन माउंट हॉलीच्या रडारचा तोच वेळ काढून बघितला तर पट्ट्यामागे वीस किलोमीटर पाऊस स्पष्ट दिसत होता, कारण ते रडार दक्षिणेकडून, वेगळ्या बाजूने बघत होतं आणि त्याची लहर फारशी दमत नाही.

तेव्हापासून माझा नियम असा की टीईडब्ल्यूआरवर सर कुठे आणि कधी पोचेल हे बघायचं, पण ती कधी संपेल हे नेहमी केडीआयएक्सवर बघायचं. दोन्ही उघडल्याशिवाय कोणाला काही सांगायचं नाही. आणि गडगडाट ऐकू आला तर रडार बघायचंच नाही, सरळ पक्क्या घरात किंवा बंद गाडीत, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत बाहेर नाही.

याच जातीचा अजून एक प्रकार आहे. मोठी सर खुद्द वुडब्रिजच्या रडारवरच पडत असेल तर त्याच्या गोल कवचावर पाणी साचतं आणि चारी बाजूंचं चित्रच फिकं होतं. सगळीकडचा पाऊस एकदम कमी झाल्यासारखा दिसला की हे आठवा.

५. बाकीचे खोटे रंग

रडारपासून निघून सरळ बाहेर जाणारी, सायकलच्या आरीसारखी रेघ दिसली तर तो पाऊस नाही, बहुतेक कोणाच्या तरी वायफायचा त्रास आहे. टीडीडब्ल्यूआर ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झमध्ये चालतं आणि पाच गिगाहर्ट्झचं वायफाय तिथेच शेजारी. राउटरमध्ये डीएफएस नावाची सोय असते, रडार ऐकू आलं की चॅनल सोडायची. ती बंद करू नका, आणि भारतातून आणलेला राउटर इथे लावू नका, त्याची देशाची सेटिंग वेगळी असू शकते. आपल्याच भागातलं रडार आहे, आपणच ते खराब करायला नको.

रडारच्या अगदी जवळ कायम हलका धुरळा दिसतो, तो इमारती, झाडं, पार्कवेवरच्या गाड्या. पहाटे गोल रिंग पसरताना दिसली तर रात्रीच्या थाऱ्यावरून उडालेले पक्षी. लूप चालवा, पाऊस वाऱ्याबरोबर सरकतो, धुरळा जागेवर थांबतो.

वेगाच्या चित्रात जांभळा रंग म्हणजे रडारला लांबचं आणि जवळचं वेगळं करता आलेलं नाही. आणि हिरव्याच्या (रडारकडे येणारा वारा) मधोमध एकदम लाल (लांब जाणारा वारा) ठिपका दिसला की घाबरू नका, वेग त्याच्या मर्यादेच्या पुढे गेला की आकडा उलटा पडतो, टीडीडब्ल्यूआरवर हे वारंवार होतं. आधी मोठ्या रडारवर खात्री करा.

६. बारीक रेघ शोधा

मला स्वतःला या रडारची सगळ्यात आवडती गोष्ट ही. उन्हाळ्यात दुपारी रॅरिटन बेकडून समुद्राचा गार वारा आत येतो, त्याची पुढची कड रडारवर केसासारखी बारीक फिकी रेघ दिसते, कारण तिथे किडे आणि धूळ गोळा होते. मोठ्या रडारवर ती बरेचदा हरवते, टीईडब्ल्यूआरवर दिसते कारण किरण खाली आहे आणि बारीक आहे. तशीच रेघ जुन्या वादळातून बाहेर पडलेल्या गार वाऱ्याची असते. अशा दोन रेघा जिथे भेटतात तिथे अर्ध्या-पाऊण तासात नवीन ढग उभा राहण्याची शक्यता बरीच. बाकी अ‍ॅपवर अजून ऊन दाखवत असतं तेव्हा तुम्हाला हे दिसतं. दर वेळी ढग येतोच असं नाही, माझ्या वहीत साधारण निम्म्या वेळा आला.

७. विमानतळाचं मेटार जोडून बघा

रडार वर बघतं, मेटार म्हणजे विमानतळावर जमिनीवरची नोंद. केईडब्ल्यूआरचं मेटार दर तासाला ५१ व्या मिनिटाला येतं, हवा बदलली तर मधेही. तीन गोष्टी बघायच्या, वाऱ्याची दिशा, तापमान आणि दवबिंदू. दुपारी वारा पश्चिमेचा आग्नेयेला फिरला आणि तापमान पडलं तर समुद्रवारा पोचला, म्हणजे रडारवरची ती रेघ खरी. मेटारमध्ये टीएसआरए दिसलं तर विमानतळावर गडगडाटासह पाऊस चालू आहे.

८. आता पुढच्या तासाचा अंदाज

लूप थांबवा. सरीची पुढची कड अर्ध्या तासापूर्वी कुठे होती आणि आता कुठे आहे ते मोजा. समजा फ्लेमिंग्टनवर होती आणि आता सॉमरव्हिलला आली, म्हणजे अर्ध्या तासात २१ किलोमीटर, तासाला ४२. सॉमरव्हिलहून एडिसन १८ किलोमीटर, म्हणजे पंचवीस मिनिटं. वहीत लिहा: आता ४:१०, सर येणार ४:३५.

आता त्यातली अडचण. हे गणित सर आहे तशीच राहील असं धरून चालतं, आणि वळवाची सर एकटीदुकटी असेल तर तिचं आयुष्यच अर्ध्या-पाऊण तासाचं. त्यामुळे लांब सलग पट्टा असेल तर तासभर पुढचं सांगायला हरकत नाही, सुटा ढग असेल तर वीस मिनिटांच्या पुढचं बोलू नका. तासाच्या पुढे सरळ वेदर सर्व्हिसचा अंदाज. आणि त्यांचा फ्लॅश फ्लड किंवा टॉर्नेडोचा इशारा आला की तुमचं गणित काहीही सांगो, इशारा पाळायचा.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. वुडब्रिज, एडिसन मिडलसेक्स काउंटीत, म्हणून इशारे माउंट हॉलीच्या ऑफिसातून येतात. शेजारचं रॉवे युनियन काउंटीत, त्याचं ऑफिस न्यूयॉर्कचं, म्हणजे अपटनचं. घर इथे आणि ऑफिस न्यूअर्कला असेल तर दोन्हीकडचे इशारे लावून ठेवा.

९. माप लावा, वही लिहा

बरेच जण इथपर्यंत येऊन थांबतात, पण अंदाज सुधारतो तो इथे. अंगणात, झाडं-भिंतींपासून लांब, पावसाचं माप लावा आणि कोकोराझमध्ये नाव नोंदवा. १९९७ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला पूर आला, गावाच्या एका टोकाला प्रचंड पाऊस आणि दुसऱ्या टोकाला थोडा, आणि कोणाकडे नीट मोजमाप नव्हतं, त्यातून पुढच्या वर्षी हे सुरू झालं. रोज सकाळी सातच्या सुमारास माप बघायचं, इंचाच्या शंभराव्या भागापर्यंत लिहायचं, शून्य असेल तर शून्यही कळवायचं. पाऊस धो धो चालू असतानाच कळवायची वेगळी सोय आहे, ते तुमच्या वेदर सर्व्हिसच्या ऑफिसात लगेच दिसतं. म्हणजे रडार वरून दाखवतं त्यात जमिनीवरचं खरं तुम्ही भरताय.

वहीत माझे रकाने असे: तारीख, मी सांगितलेली वेळ, सर खरी आलेली वेळ, टीईडब्ल्यूआरवरचा रंग, केडीआयएक्सवरचा रंग, मापातलं पाणी. वही यासाठी की कागदावर लिहिलेली चुकीची वेळ नंतर बदलता येत नाही, फोनमध्ये हात शिवशिवतो. पहिल्या उन्हाळ्यात माझी वेळ सरासरी बारा-तेरा मिनिटांनी चुकत होती आणि जवळजवळ नेहमी उशिरा, म्हणजे सर मी सांगितल्याच्या आधी यायची. कारण मी लाल भाग मोजत होतो आणि पाऊस त्याच्या पुढच्या हिरव्या कडेपासूनच सुरू होत होता. वहीशिवाय हे कळलंच नसतं.

स्कायवॉर्नचं, म्हणजे वादळी हवा बघून कळवणाऱ्या स्वयंसेवकांचं, प्रशिक्षणही घ्या, वेदर सर्व्हिस ते फुकट देते, एका संध्याकाळचं काम.

१०. हिवाळ्यात

बर्फाचे ढग बुटके असतात, लांबच्या रडारचा किरण कधी त्यांच्या डोक्यावरूनच जातो. टीईडब्ल्यूआर खालून बघतं म्हणून बर्फाचे अरुंद पट्टे इथे चांगले दिसतात. पण बर्फ की पाऊस हे त्यावरून ठरवू नका. या रडारमध्ये ड्युअल-पोल नाही, म्हणजे कणांचा आकार त्याला कळत नाही. त्यासाठी केडीआयएक्सवर कोरिलेशन कोइफिशंट नावाचं चित्र (कण एकसारखे आहेत की मिसळलेले ते दाखवणारं) उघडा, वितळणाऱ्या बर्फाचा थर तिथे कमी आकड्याची रिंग म्हणून दिसतो. आपल्याकडे पाऊस-बर्फाची सीमा बरेचदा आय-९५ हायवेच्या आसपासच घुटमळते, म्हणून रिंग रडारकडे सरकतेय का लांब जातेय हे अर्ध्या-अर्ध्या तासाने बघा. जवळ येत असेल तर थंडी खाली उतरतेय.

११. जुना डेटा, कोडिंगवाल्यांसाठी

एनसीईआयच्या (हवामानाचा जुना डेटा ठेवणारं सरकारी केंद्र) अर्काइव्हमधून टीडीडब्ल्यूआरच्या लेव्हल थ्री, म्हणजे तयार चित्रांच्या, फाइल फुकट मिळतात, नोआचं (वेदर सर्व्हिस ज्याच्या अखत्यारीत आहे ते खातं) वेदर अँड क्लायमेट टूलकिट त्या उघडतं आणि पायथॉनमध्ये मेटपाय नावाच्या लायब्ररीने वाचता येतात. पहिला अभ्यास म्हणून १ सप्टेंबर २०२१ ची रात्र काढा. फाइलची वेळ यूटीसी, त्यामुळे रात्री आठनंतरचं सगळं २ सप्टेंबरच्या तारखेखाली सापडेल, मी त्यातच एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.

मुंबईतले वाचक असतील तर त्यांच्यासाठी एकच. हवामान खात्याचं कुलाब्याचं रडार एस-बँडचं आणि वेरावलीचं सी-बँडचं, म्हणजे जोडी तीच आहे. वेरावलीच्या चित्रात जोरदार सरीच्या मागे मोकळं दिसलं की चौथी पायरी पुन्हा वाचा आणि कुलाब्याचं चित्र उघडा.